लहान पेटी, मोठी पेटी

घरात गाणं ऐकायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, जिच्यात गाणं साठवलेलं आहे ती. दुसरी, जिला आवाज आहे ती. पहिली लहान असते, खिशात मावते, माणसाबरोबर फिरते. दुसरी मोठी, एका जागी बसलेली. शोकेसमध्ये किंवा भिंतीतल्या फळीवर, दोन बाजूंना दोन स्पीकर घेऊन. लहान पेटीतलं गाणं मोठ्या पेटीत कसं न्यायचं, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. फोनवर लाखो गाणी आहेत, पण फोनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आणि घरातला चांगला स्टिरिओ मात्र मुका बसलेला, कारण कॅसेट आता मिळत नाहीत आणि सीडी कुणी आणत नाही.

प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं वय शंभरीकडे झुकलेलं आहे. आणि आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणजे उरण-करंजापासून मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत, या प्रश्नाला स्वतःचा असा इतिहास आहे. मुंबई समोर, मध्ये खाडी आणि समुद्र. नवीन वस्तू मुंबईत उतरायची आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून रेवसला यायची. गाण्याच्या पेट्याही अशाच आल्या. त्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे.

सुरुवात ग्रामोफोनपासून करू. फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. भारतात व्यापारी तबकड्यांचा जमाना तिथून सुरू झाला. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. पुढे मराठी रंगभूमीची पदं तबकडीवर आली आणि बालगंधर्वांचा आवाज, ज्यांनी कधी नाटकाचं तिकीट काढलं नव्हतं, त्यांच्याही ओटीवर पोचला. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. रात्रभर रंगणाऱ्या नाटकातलं पद तेवढ्यात बसवावं लागे. तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

१९३१ साली एचएमव्हीने १०२ क्रमांकाचं पोर्टेबल यंत्र बाजारात आणलं. सूटकेससारखी पेटी, झाकण उघडायचं, चावी भरायची, सुई ठेवायची. या पेटीची मोठी सोय अशी, की तिला वीज लागत नव्हती. गाणं आणि आवाज, दोन्ही एकाच पेटीत. जोडायचं काहीच नाही.

वीज लागत नव्हती हे आमच्याकडे फार महत्त्वाचं होतं, आणि त्यात एक विरोधाभास दडलेला आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली, भिऱ्याचं १९२७ साली. तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. सह्याद्रीवरचं पाणी आमच्या जिल्ह्यात कोसळत होतं, वीज इथं तयार होत होती आणि तारांवरून खाडी ओलांडून मुंबईच्या गिरण्यांना जात होती. किनाऱ्यावरच्या गावांत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं कंदील होते. त्यामुळे चावीचा ग्रामोफोन आमच्याकडे जास्त काळ टिकला.

दुसरी पेटी रेडिओची. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. १९३६ साली देशभरच्या या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. मुंबईच्या लहरींना आमच्या किनाऱ्यापर्यंत यायला डोंगराचा अडथळा नाही, मध्ये फक्त पाणी. वाल्व्हचा तो रेडिओ जड, लाकडी, कापडाची जाळी लावलेला. वीज नसेल तिथं बॅटरीवर चालायचा. परवाना पोस्टातून काढायचा. पण त्याचा आवाज! चावीच्या ग्रामोफोनच्या कर्ण्यातून येणारा किरटा आवाज आणि रेडिओच्या स्पीकरमधून येणारा भरदार आवाज, यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. साहजिकच कुणाच्या तरी मनात आलं, तबकडीचं गाणं रेडिओच्या तोंडून ऐकता येईल का?

आपल्या प्रश्नाचा जन्म हा इथला. जुन्या मर्फी किंवा फिलिप्स रेडिओची पाठ कधी पाहिली असेल तर आठवा. एरियल आणि अर्थच्या भोकांशेजारी अनेक सेटवर आणखी दोन भोकं असत आणि त्यांवर तबकडीचं छोटं चिन्ह किंवा ‘पिक-अप’ असं लिहिलेलं असे. तबकडीवरच्या सुईचं कंपन विजेच्या बारीक लहरीत बदलायचं, ती लहर दोन तारांनी त्या भोकांत सोडायची आणि मग रेडिओचे वाल्व्ह तिला मोठं करून स्पीकरकडे देत. आज आपण स्टिरिओच्या मागे जिला ‘ऑक्स’ म्हणतो, ती त्या भोकांची नात आहे.

लाल आणि पांढऱ्या टोपणाच्या ज्या पिना आपण आजही वापरतो, त्यांची कुळकथाही हीच. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९३०-४०च्या सुमारास त्या काढल्या, त्या रेडिओ संचाला फोनोग्राफ जोडण्यासाठी. म्हणून तर कारागीर तिला अजून ‘फोनो पिन’ म्हणतात. आणि फोनच्या कानात घालायची जी पिन, ती तर याहून जुनी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या भोकात खुपसून बोलणं जोडून देत, त्यासाठी १८७८च्या सुमारास ती अमेरिकेत घडली. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली उघडलं. पाव इंच जाडीची ती पिन पुढे ट्रान्झिस्टरच्या काळात साडेतीन मिलिमीटरची झाली, पण आकार तोच: टोक, कडं आणि खालचा दांडा. दोन माणसांचं बोलणं जोडणारी पिन दोन पेट्यांचं गाणं जोडू लागली.

जोडणी आली की तिचं दुखणंही येतं. तारेने दोन यंत्रं जोडली की गाण्यामागे ‘हूंऽऽ’ असा एक आवाज येतो. विजेच्या तारांचा तो गुंजारव. वीज म्हणजे नुसता उजेड नाही, ती आपल्याभोवती एक अदृश्य गडबडही करते. आणि ही गोष्ट अलिबागइतकी कुणाला माहीत असणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेच्या सुया बहकतील हे उघड झालं. संचालक नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, लोखंडासारखं चुंबकाला ओढणारं काही न वापरता. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेतल्या, जुन्या-नव्याचा मेळ घातला आणि मग काम इकडे आलं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली. विजेच्या गुंजारवापासून पळून शास्त्रज्ञ ज्या किनाऱ्यावर आले, त्याच किनाऱ्यावर पुढे घरोघरी माणसं स्टिरिओमधला तोच गुंजारव कसा घालवायचा हे विचारू लागली!

तिसरी पेटी ट्रान्झिस्टरची. १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४-५५पासून त्यावर चालणारे खिशातले रेडिओ निघाले. आपल्याकडे त्याच सुमारास आणखी एक घडामोड झाली. १९५२ साली नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला ओहोटी लागली. लोकांनी सुई फिरवून सिलोन लावलं, अमीन सायानींची बिनाका गीतमाला लावली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. सेल घातले की चालणारा ट्रान्झिस्टर आता होडीतही जाऊ लागला. मच्छीमारांसाठी दिला जाणारा हवामानाचा इशारा आणि त्याच्या मागेपुढे गाणी, हे एकाच पेटीतून ऐकू आलं. आमच्या किनाऱ्यावर रेडिओ ही करमणूक होतीच, पण ती जिवाची काळजी घेणारी वस्तूही होती.

तरी या सगळ्या पेट्यांमध्ये एक गोष्ट समान होती. त्या नुसत्या बोलत, ऐकत नसत. कोणतं गाणं तबकडीवर जाईल हे कंपनी ठरवी, कोणतं लहरींवर जाईल हे केंद्र ठरवी. शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीतं रेडिओवरून किनाऱ्यावर आली, तेव्हा लोकांनी ती आपली म्हणून उचलली. पण आपल्याच अंगणात, हळदीच्या रात्री म्हटली जाणारी गाणी कोणत्याही पेटीत नव्हती.

ती पेटीत गेली कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली. आमच्याकडे ती खऱ्या अर्थाने आली १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि बरीचशी आली आखातातून. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड भागातून कित्येक घरांतली माणसं आखातात आणि जहाजांवर नोकरीला होती. सुट्टीवर येताना सामानात टू-इन-वन असे: रेडिओ आणि टेप एकाच पेटीत, दोन स्पीकर, वर उचलायची मूठ. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येताना असाच एखादा घेऊन येत. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, टी-सिरीज आणि व्हीनससारख्या कंपन्या आल्या, कोळीगीतांच्या आणि प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतांच्या कॅसेट एसटी स्टँडवर मिळू लागल्या.

पण मी म्हणतो ते महत्त्व त्या दुकानातल्या कॅसेटचं नाही. महत्त्व आहे त्या टू-इन-वनवरच्या लाल बटणाचं. प्ले आणि लाल बटण एकदम दाबलं की पेटी ऐकू लागायची. घरात आलेली ही पहिली पेटी, जिला कानही होते.

आणि लोकांनी तिच्यात काय काय भरलं! आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते, आणि कितीतरी ठिकाणी लग्नाचे विधी तिच्या गाण्याच्या आधाराने पुढे सरकतात. हे धवले छापलेले नसतात. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे तोंडी येतात. ते कुणीतरी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतले. देवळातलं भजन, गावच्या बुवांचं कीर्तन, नातवाचे बोबडे बोल, शिमग्याची गाणी उतरवली. आखातात असलेल्या माणसाला पत्र लिहिण्याऐवजी कॅसेटवर बोलून पाठवणारी घरंही होती; पत्र लिहिता न येणाऱ्या आईला त्या पेटीने पहिल्यांदा लेकाशी थेट बोलू दिलं.

किनाऱ्यावरची आणखी एक मराठी परंपरा इथं सांगायला हवी. नवगाव, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्रायली, ज्यांना शनवार तेली म्हणत, मराठी बोलणारे. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, त्यांच्या बायका मराठीत गाणी म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. सामान थोडं नेता आलं, पण गाणी गेली. आज जेरुसलेमला राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात त्यांच्या गाण्यांचं मुद्रण जपलेलं आहे. कुणीतरी वेळेवर लाल बटण दाबलं, म्हणून.

आता मधला एक टप्पा जरा भरभर सांगतो. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. सोनीचे अकिओ मोरिता यांना वाटलं की एकट्याने कानात गाणं ऐकणं हे शेजारच्या माणसाला बरं दिसणार नाही, म्हणून पहिल्या वॉकमनला इअरफोनची दोन भोकं ठेवली. पुढे ते दुसरं भोक गेलं, आणि गाणं ऐकणं ही एकट्याची गोष्ट झाली. १९८२ साली सीडी आली, गाणं आकड्यांत बदललं. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, असा तो हिशेब. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी हे आकडे दाबून लहान केले; १९९५ साली त्या फायलींना ‘एमपी-थ्री’ हे शेपूट मिळालं. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड दाखवला आणि खिशात हजार गाणी, असं त्याचं वर्णन केलं.

हजार गाणी खिशात आली, पण ऐकायची कानात बोंडं घालून. पुन्हा तोच जुना प्रश्न: मोठ्या पेटीत कशी न्यायची? लोकांनी साडेतीन मिलिमीटरची पिन एका टोकाला आणि लाल-पांढरी दुसऱ्या टोकाला अशी तार आणून ‘ऑक्स’मध्ये लावली. २००४ साली ॲपलने एअरपोर्ट एक्स्प्रेस नावाची एक छोटी पेटी काढली. ती स्टिरिओला जोडली की संगणकातलं गाणं वायरशिवाय तिच्यापर्यंत येई. २००८ साली वाडिया कंपनीने असा डॉक काढला की जो आयपॉडमधले आकडेच जसेच्या तसे बाहेर काढी आणि त्यांचा आवाज करण्याचं काम चांगल्या यंत्राकडे सोपवी. दरम्यान ब्लूटूथ आलं होतं. एरिक्सन कंपनीत १९९४ साली त्याचं काम सुरू झालं. नाव मात्र दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं. विखुरलेल्या टोळ्या त्याने जोडल्या, म्हणून विखुरलेली यंत्रं जोडणाऱ्या लहरीला त्याचं नाव.

मग आला सप्टेंबर २०१६. त्या महिन्याच्या ५ तारखेला आपल्याकडे जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झालं. ७ तारखेला ॲपलने असा फोन जाहीर केला ज्याला इअरफोनचं भोकच नव्हतं. टेलिफोन ऑपरेटरच्या हातातली ती पिन, एकशे अडतीस वर्षांनी, निरोप घेऊ लागली. २०१९ साली स्पॉटिफाय भारतात आलं. सावन आणि गाना आधीपासून होतेच. २०२२ साली आयपॉड बनवणंही थांबलं. लहान पेटीत आता गाणं साठवलेलंही नसतं. ते दूर कुठल्या तरी संगणकावर असतं आणि आपण ऐकू तेवढा वेळ नळासारखं वाहत येतं.

इथवर आलोच आहोत, तर व्यवहाराचं चार ओळींत सांगून टाकतो. घरातला जुना स्टिरिओ टाकून देऊ नका. त्याच्या मागे ‘ऑक्स’, ‘टेप इन’ किंवा ‘सीडी’ असं लिहिलेली लाल-पांढरी जोडी असेल, तर तो आजही कामाचा आहे. ‘फोनो’ लिहिलेल्या जोडीत मात्र फोन लावू नका. तबकडीवर खर्ज दाबून आणि वरचे स्वर उठवून कोरलेले असतात, आणि फोनोची जोडी ते उलटं करते. तिच्यातून फोनचं गाणं घुमतं आणि फाटतं. फोनला भोक असेल तर तार लावा, फोनचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा आणि बाकीचा स्टिरिओवर वाढवा. भोक नसेल तर काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला जोडा. ‘हूंऽऽ’ आवाज आला तर चार्जर काढून पाहा, किंवा दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावा. बहुतेक वेळा तो जातो. आणि आपल्याकडची खारी हवा लक्षात ठेवा. पिना काळ्या पडतात, मग एका बाजूचा आवाज जातो. पिन दोन-चार वेळा फिरवून घाला-काढा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पिनेवर सोन्याचा मुलामा असतो तो दिमाखासाठी नाही. सोनं गंजत नाही म्हणून.

हे सगळं करून गाणं पुन्हा घरभर वाजू लागलं, की एक चांगली गोष्ट घडते. कानात अडकलेलं गाणं सगळ्यांचं होतं. आजी म्हणते, हे लाव. नात म्हणते, ते लाव. भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं. मोरितांनी दुसरं भोक ज्यासाठी ठेवलं होतं, ते काम ही तार करते.

पण एक हिशेब मात्र जुळत नाही. नळातून वाहत येणारी गाणी कोटींच्या घरात आहेत असं आपण ऐकतो. त्या कोटींत आपल्या घरातलं गाणं आहे का? कंपनीकडे ज्याचे हक्क आहेत ते गाणं तिथं आहे. हक्काचा करार संपला की तेही एखाद्या सकाळी नाहीसं होतं. आपण ते विकत घेतलेलं नसतं, फक्त ऐकायला भाड्याने घेतलेलं असतं. धवलारणीची ती कॅसेट मात्र कुठल्याही कंपनीकडे नाही. ती माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात आहे. आणि तिला फार दिवस नाहीत. फितीवर दमटपणाची पांढरी बुरशी चढते, फीत दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडतो, टेपचा रबरी पट्टा चिकट होऊन ओघळतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग, सगळीकडे छपरं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. काही गावांत वीज परतायला कित्येक आठवडे लागले. त्या दिवसांत वाहतं संगीत गप्प होतं. चालू होता तो फक्त सेलवरचा रेडिओ. आणि छप्पर उडालेल्या घरांत माळ्यावरचं जे जे होतं, ते पावसात भिजलं. भांडी-कपडे-धान्य यांचे पंचनामे झाले. आवाजाचा पंचनामा कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणून मला त्या तारेचा दुसरा उपयोग सांगायचा आहे. तार दोन्हीकडे वाहते. गेली नव्वद वर्षं आपण लहान पेटीतलं गाणं मोठ्या पेटीत नेत आलो. आता एकदा उलट करू या. जुना टेप डेक किंवा टू-इन-वन चालू अवस्थेत मिळवा. त्याच्या ‘लाइन आउट’मधून किंवा इअरफोनच्या भोकातून तीच तार काढा आणि संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये लावा. ते भोक संगणकाला नसेल तर यूएसबीचा छोटा जोड मिळतो. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटची न दाबलेली फाईल साधारण साडेसहाशे मेगाबाइट होते. आजच्या हिशेबाने ती काहीच नाही. आधी कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन दात मोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. टेपचं हेड स्पिरिटने पुसा. आणि फाईलला नाव देताना नुसतं ‘लग्न १’ असं देऊ नका. कोण गातंय, कुठलं गाव, कुठलं साल, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर लिहून घ्या. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला परका होतो.

हे काम एकट्या-दुकट्याचं वाटतं, पण त्यातून काय उभं राहू शकतं याचं उदाहरण घाटाच्या माथ्यावरच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांतल्या कित्येक बायकांच्या आवाजात मुद्रितही झाल्या. जातं घरातून गेलं, ते दळणारे हात गेले. पण २०१७पासून ‘पारी’ या संग्रहाने त्या ओव्या इंटरनेटवर आणल्या आहेत, आणि आज कुणीही कुठेही बसून, आपल्या स्टिरिओवर, त्या ऐकू शकतो. कंपनीच्या गाण्याने नव्हे, तर पहाटेच्या अंधारात स्वतःशीच म्हटलेल्या ओवीने ती जागा मिळवली. आमच्या धवल्यांना, शिमग्याच्या गाण्यांना ती का मिळू नये?

ग्रामोफोनने आपल्याला नाटकातलं पद दिलं, रेडिओने दूरचा आवाज दिला, कॅसेटने स्वतःचा आवाज साठवायला दिला, आणि आजच्या फोनने जगाची गाणी दिली. प्रत्येक नव्या पेटीच्या वेळी आपण जुनीतलं नवीत नेण्याची तार शोधली. या वेळी ती शोधायचीही गरज नाही. ती बाजारात मिळते. माळ्यावरचा डबा मात्र आपल्यालाच खाली काढायचा आहे, आणि तो पावसाळ्याआधी काढलेला बरा.